पाळकांचा थकवा मंडळी कसा कमी करू शकते?

चर्चमध्ये नवे पाळक, म्हणजे पास्टर, येऊन वर्षही झालं नाही आणि त्यांचा चेहरा उतरलाय, मंडळीने, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, काय करावं, असं तुम्ही विचारलंय. नगर जिल्ह्यातल्या एका चर्चच्या पास्टरेट कमिटीत, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीत, मी बरीच वर्षं आहे. तिथून जे दिसतं ते सांगतो.

रविवारची उपासना हा या कामातला सोपा भाग. संदेशाच्या तयारीला वेळ लागतो, पण तो वार ठरलेला असतो. माणूस खचतो तो न ठरलेल्या कामांनी. पहाटे फोन येतो, कुणाची तरी आई गेली. त्या घरी प्रार्थना, मुंबईचे नातेवाईक पोचेपर्यंत थांबणं, दफनभूमीतल्या जागेवरून भावाभावांची जुंपलेली सोडवणं, मग दफनविधी. संध्याकाळी दुसऱ्या घरी वाढदिवसाची प्रार्थना, तिथे हसतमुखानेच जायचं. त्यात कुणाला बाप्तिस्म्याचा दाखला ‘आत्ताच’ हवा, कारण ॲडमिशनचा शेवटचा दिवस. लग्न असेल तर १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे नोंदी चोख हव्यात. खेड्यांकडे एकाच पाळकाकडे तीन-चार मंडळ्या, म्हणजे हे सगळं तितक्या पटीने.

यावर आपला ठरलेला उपाय म्हणजे शाल, बुके आणि दोन शब्द. बायबलमधल्या निर्गमच्या १८व्या अध्यायात इथ्रो जावयाला, मोशेला, स्पष्ट सांगतो, एकटाच न्याय करत बसलास तर तूही झिजशील आणि लोकही. हा उतारा आपण भक्तिभावाने ऐकतो, आणि चर्चची मोटर जळाली की फोन पाळकांनाच लावतो!

आमच्याकडे कामं नावानिशी वाटून घेतल्यावरच फरक पडला. इमारत, वीजबिल, दफनभूमी कमिटीतल्या एकाकडे. दाखल्यांचे अर्ज सेक्रेटरी घेतात, सह्या आठवड्यातून एकदाच. दवाखान्यातल्या भेटी दोन निवृत्त शिक्षिका आधी करतात आणि गरज असेल तिथेच पाळकांना नेतात. सोमवारी सुट्टी, त्या दिवशी फोन आमच्यापैकी कुणीतरी घेतो, मृत्यूची बातमी तेवढी पुढे जाते. लोक सुरुवातीला रुसले. रुसू द्या. कॅथलिकांच्या १९८३ च्या धर्मसंहितेत कलम ५३३ प्रमाणे पॅरिशच्या फादरांना वर्षाला महिनाभरापर्यंत रजा घेता येते, वार्षिक रिट्रीटचे, म्हणजे एकांतातल्या प्रार्थना-मननाचे, दिवस वेगळे. आमच्याकडचे कितीतरी पाळक रजा मागायलाच कचरतात.

पगार वेळेवर होतो का, भविष्यनिर्वाह निधी भरला जातो का, आरोग्य विमा आहे का, हे खजिनदारांना विचारा. पाळकांना विचाराल तर ‘देव पुरवतो’ असंच उत्तर मिळेल. आयुष्य पार्सोनेजमध्ये, म्हणजे चर्चने राहायला दिलेल्या घरात, जातं आणि निवृत्तीच्या दिवशी डोक्यावर स्वतःचं छप्पर नसतं, असे पाळक मी पाहिलेत. बदल्यांमुळे मुलांच्या शाळा तुटतात ते वेगळंच.

पाळकीणबाईंचा, म्हणजे पाळकांच्या पत्नीचाही विचार करा. महिला मंडळ, संडे स्कूल, येणाऱ्या-जाणाऱ्याचा चहा, सगळं बिनपगारी. त्या नोकरी करत असतील तर ‘बाई मीटिंगला येत नाहीत’ ही कुजबुज तुमच्यापुरती तरी बंद करा.

आणि सगळ्यांची दुःखं ऐकणाऱ्या या माणसाला मंडळीत कुणापाशी मन मोकळं करता येत नाही, कारण उद्या ते गावभर होतं. सेमिनरीतले, म्हणजे पाळकांच्या प्रशिक्षणाच्या कॉलेजातले, सोबती, दुसऱ्या जिल्ह्यातले पाळक यांना अधूनमधून भेटू द्या, गाडीभाडं चर्चने द्यावं. झोप उडाली असेल, चिडचिड वाढली असेल तर डॉक्टर सुचवा. तिथे ‘प्रार्थना कमी पडतेय’ म्हणू नका. बायबलमधल्या मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूतानेही उपदेश केला नाही, भाकर आणि पाणी दिलं.

एक अडचण येईल. कमिटीचे अध्यक्ष बहुधा पाळकच असतात, त्यामुळे त्यांच्यासमोर हा विषय कुणी काढत नाही. तेव्हा आधी चार-पाच जण कुणाच्या तरी घरी बसा, कोण कोणतं काम घेणार ते कागदावर लिहा आणि तो कागद घेऊनच त्यांच्याकडे जा.