गिल्ड सांभाळता सांभाळता खेळायची इच्छाच उरली नाही, काय करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षांपासून तुम्ही ऑनलाइन गेममधल्या एका रेडिंग गिल्डचे, म्हणजे मोठ्या शत्रूंवर मिळून चढाई (रेड) करणाऱ्या खेळाडूंच्या गटाचे, लीडर आहात, यादीत तीसेक जण आहेत, पण रेडच्या दिवशी ऐनवेळी चार-पाच जण गायब होतात. तुम्ही प्रत्येकाला मेसेज करता, समजावता, जोश भरता. आता तुम्हालाच लॉगिन करावंसं वाटत नाही. पुन्हा उभारी कशी धरायची आणि लीडर म्हणून आपण कुठे कमी पडतोय, असं तुम्ही विचारलंय.

तुम्ही सांगितलेली कामं मी परत एकदा वाचली. वेळापत्रक लावणं, नव्या लोकांना पारखून घेणं, बॉसचे, म्हणजे रेडमधल्या बलाढ्य शत्रूंचे, व्हिडिओ बघून डावपेच लिहिणं, लूटचं (बॉस मारल्यावर मिळणाऱ्या वस्तूंचं) वाटप, भांडणं मिटवणं, आणि रेड चालू असताना व्हॉइस चॅनेलवर बोलणंही तुम्हीच. यात खेळणं कुठेच नाही. ज्यासाठी तुम्ही या गेममध्ये आलात तेच तुमच्या आठवड्यातून निघून गेलंय. तेव्हा इच्छाशक्ती वाढवण्याचे उपाय शोधत बसू नका, कामाची मांडणी बदला.

मी बरीच वर्षं आधी ऑफिसर, म्हणजे गिल्ड लीडरचा मदतनीस, आणि मग रेड लीडर म्हणून काढली आहेत आणि एका बाबतीत माझं मत पक्कं झालंय: दुसऱ्याला उत्साह पुरवता येत नाही. भाषणाने एक रात्र निघते, पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. लीडरला करता येतं ते एवढंच, की प्रत्येकाकडे त्याचं स्वतःचं म्हणता येईल असं काही काम असावं आणि ते त्याला जमावं, अशी सोय लावणं. तुमचा उत्साहही त्याच वाटेने परत येईल, कारण तेवढं ओझं तुमच्या अंगावरून उतरलेलं असेल.

माणूस आपणहून एखादी गोष्ट का करत राहतो, यावर एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी आयुष्यभर काम केलं. त्यांच्या मते तीन गरजा मुख्य: निर्णय आपला असावा, काम आपल्याला जमतंय असं वाटावं, आणि भोवतीच्या माणसांशी आपलं नातं असावं. २००६ मध्ये रायन यांनी स्कॉट रिग्बी आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांच्याबरोबर हेच गेम्सच्या बाबतीत तपासलं. या गरजा जितक्या भागतात तितका खेळण्यातला आनंद आणि पुढेही खेळत राहायची इच्छा जास्त, असं त्यांना आढळलं. आता या नजरेने तुमची रेडची रात्र बघा. निर्णय सगळे तुमचे. चुकलं तर लगेच कळतं, जमलं तर कुणी काही बोलायच्या आत पुढच्या बॉसकडे धाव. लोक यायचे का थांबले, ते इथेच दिसतं.

हजेरीसाठी गुण ठेवू का, असंही तुम्ही विचारलंय. गुणांची पद्धत जुनी आहे. १९९९ मध्ये आलेल्या एव्हरक्वेस्ट या ऑनलाइन गेममध्ये खेळाडूंनीच डीकेपी काढली, म्हणजे ड्रॅगन मारल्याचे गुण साठवायचे आणि त्यांवर लूट घ्यायची. वाटपावरची भांडणं मिटवायला ती चांगलीच आहे आणि त्यासाठी जरूर वापरा. पण माणसं टिकवण्याचं काम तिच्यावर टाकू नका. डेसींचा १९७१ चा एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना जोडाजोडीची कोडी दिली होती. एका गटाला मधल्या सत्रात प्रत्येक सोडवलेल्या कोड्यामागे पैसे दिले आणि नंतर ते बंद केले. मग मोकळ्या वेळात त्या गटातली मुलं कोड्यांकडे आधीपेक्षा कमी वळायला लागली. गिल्डमध्ये हेच मी डोळ्यांनी पाहिलंय: हवी ती वस्तू मिळाली की गुणांसाठी येणारा माणूस दिसेनासा होतो.

काम वाटायचं म्हणजे नेमकं काय, ते एका उदाहरणाने सांगतो. आमच्याकडे एक हीलर, म्हणजे लढाईत जखमी साथीदारांना बरं करणारी खेळाडू, होती. माइक कधी सुरू करायची नाही, जे काही असेल ते टाइप करायची. एका बॉसच्या दुसऱ्या टप्प्यात सगळ्यांवर एकदम मोठा मारा व्हायचा आणि दर वेळी तिथेच वाइप, म्हणजे सगळा गट मरायचा. कुणी कोणतं मोठं हील कधी टाकायचं, हे तोवर मी ओरडून सांगत होतो. मी तिला खासगीत विचारलं, हे वेळापत्रक तू लावशील का, फक्त या बॉसपुरतं? तिने हीलर्सच्या चॅनेलमध्ये एक मेसेज पिन केला: पहिल्या माऱ्याला कोण, दुसऱ्याला कोण, तो मेला तर त्याच्या जागी कोण. प्रत्येक वाइपनंतर आम्ही परत धावत येईपर्यंत ती त्यात बदल करून ठेवायची. थोड्याच दिवसांत बाकीचे हीलर मला सोडून तिला विचारायला लागले. एकदा तिला यायला जमणार नव्हतं, तर आदल्या दिवशीच सांगितलं आणि आपल्या जागी कोण बघेल तेही ठरवून दिलं. हजेरीबद्दल मी तिला कधी एक शब्दही बोललो नव्हतो.

यात माझ्या वाट्याला एकच अवघड काम आलं, गप्प बसण्याचं. तिने लावलेला क्रम मी लावला असता त्याहून वेगळा होता, पण चालण्यासारखा होता, म्हणून तसाच राहू दिला. काम दिलं आणि मध्ये मध्ये दुरुस्त्या करत राहिलं, तर ते काम त्या माणसाचं होतच नाही.

'या बॉसपुरतं' हे शब्द मी मुद्दाम वापरले होते. 'ऑफिसर होशील का?' म्हटलं की लोक बिचकतात, कारण त्याला शेवट दिसत नाही. बायरन रीव्ह्ज, थॉमस मलोन आणि टोनी ओड्रिस्कॉल यांनी २००८ मध्ये ऑनलाइन गेममधल्या नेतृत्वावर लिहिलं होतं. त्यातली मला पटलेली गोष्ट अशी, की इथे नेतृत्व तात्पुरतं असतं, कामापुरतं असतं: आता जो हुकूम देतोय तोच थोड्या वेळाने दुसऱ्याचा हुकूम पाळतोय, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तुमच्या गिल्डमध्येही हे होऊ द्या. एक बॉस, एक महिना, एक कार्यक्रम, एवढ्यापुरतं काम द्या. मुदत संपली की विचारा, पुढे चालू ठेवायचं का?

लहान गटही करून बघा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये सुरुवातीला चाळीस जणांच्या रेड असायच्या. जानेवारी २००७ मधल्या विस्तारानंतर नव्या मोठ्या रेड पंचवीस जणांच्या झाल्या आणि दहा जणांच्याही आल्या. चाळिसात कुणी आळस केला तरी खपून जायचं. दहांमध्ये प्रत्येकजण लागतो, आणि आपण लागतो हे त्याला कळतं. आठवड्यातली एक संध्याकाळ तुमच्याशिवाय, लहान गटांसाठी ठेवा.

एक सावधगिरी मात्र बाळगा. काम वाटा, पण सगळे अधिकार सगळ्यांना देऊ नका. फेब्रुवारी २००९ मध्ये ईव्ह ऑनलाइन या गेममधली बँड ऑफ ब्रदर्स ही बलाढ्य आघाडी तिच्याच एका डायरेक्टरने शत्रूला मिळून विसर्जित करून टाकली, आणि त्यासाठी त्याला पदाबरोबर मिळालेले अधिकार पुरेसे होते. सदस्यांना काढण्याचा, बँक रिकामी करण्याचा आणि चॅनेल पुसण्याचा अधिकार दोघा-तिघांपलीकडे जायला नको.

आता तुमच्या स्वतःबद्दल. रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार मांडले होते: काही मिळवण्यासाठी खेळणारे, नवं शोधत फिरणारे, माणसांसाठी येणारे आणि दुसऱ्यावर मात करण्यात रमणारे. हे कप्पे काटेकोर नाहीत, पण स्वतःला विचारायला प्रश्न चांगला आहे. तुमच्या लिहिण्यावरून मला तरी तुम्ही माणसांसाठी येणारे वाटता. सुरुवातीच्या दिवसांतल्या रेडनंतरच्या गप्पांवर तुम्ही सगळ्यांत जास्त लिहिलंय. तसं असेल तर सर्व्हरवरचा क्रमांक राखण्यात दमून जाणं साहजिकच आहे. आठवड्यातून एक रात्र गिल्डचं काहीही काम न करता खेळा. दुसरं कॅरेक्टर घ्या, कुणाच्या तरी गटात साधा खेळाडू म्हणून जा, ऑफिसरांचं चॅनेल म्यूट करा. आणि ही रात्र सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी लूटची तक्रार घेऊन येईलच.

गैरहजर राहणाऱ्यांसाठी सामायिक चॅनेलवर रागाचा मेसेज टाकू नका. तो वाचतात ते आलेले लोक, आणि बोलणी त्यांनाच बसतात. ज्याचं त्याला खासगीत विचारा: वेळ जमत नाही की मजा येत नाही? वेळेचा प्रश्न असेल तर त्याला राखीव यादीत ठेवा, तो सुटकेचा श्वास टाकेल. मजा येत नसेल तर कशात आली असती ते ऐका. आणि जो खेळतो उत्तम पण नवख्यांना घालूनपाडून बोलतो, त्याला एकदा स्पष्ट समज द्या. तरीही तेच चालू राहिलं तर काढा. त्याच्या डॅमेजच्या, म्हणजे शत्रूला केलेल्या इजेच्या, आकड्यांसाठी तुम्ही चार शांत माणसं गमावत असता.

लीडरपद सोडू का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. सोडण्यात काहीही गैर नाही. तारीख आधी सांगा, सगळं नीट हवाली करा. पण त्याआधी एक करून बघा असं मी म्हणेन: पद ठेवा आणि रेडमध्ये बोलण्याचं काम सोडा. तुमच्यात असा एखादा असेलच जो पुढचा हल्ला कुठून येणार हे तुमच्या आधी टाइप करतो. एका बॉसपुरते कॉल, म्हणजे व्हॉइस चॅनेलवरच्या सूचना, त्याच्याकडे द्या. पहिल्या रात्री तो अडखळेल, उशिरा बोलेल, लोक तुमच्याकडे वळून विचारतील. त्यांना सांगा, आज त्याला विचारा. बॉस नाही पडला तरी चालेल. काही सांगायचं असेल ते रेड संपल्यावर फक्त त्यालाच सांगा, आणि आधी त्याचे कोणते कॉल बरोबर होते ते सांगा.