‘लेड-फ्री’ नळावर शिशाचा इशारा कसा?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. स्वयंपाकघरासाठी आणलेल्या नळाच्या खोक्यावर ‘लेड-फ्री’ असे छापले आहे आणि खालच्या बाजूस बारीक अक्षरांत, या वस्तूतून शिशाशी संपर्क येऊ शकतो, असा कॅलिफोर्नियाचा इशाराही आहे. घरात दोन वर्षांची मुलगी आहे. कशावर विश्वास ठेवावा? नळ परत करता येईल का?

उत्तर : दोन्ही मजकूर एकाच वेळी खरे असू शकतात. ‘लेड-फ्री’ म्हणजे शिसे अजिबात नाही, असा अर्थ अमेरिकेच्या कायद्यात कधीच नव्हता. पिण्याच्या पाण्याविषयीच्या केंद्रीय कायद्यातील १९८६ च्या दुरुस्तीनुसार ८ टक्क्यांपर्यंत शिसे असलेला पितळी नळही ‘लेड-फ्री’ ठरत असे (या शब्दाची यापेक्षा मोठी थट्टा कोणती!), ४ जानेवारी २०१४ पासून ही मर्यादा, पाणी लागणाऱ्या प्रत्येक भागाचे क्षेत्रफळ लक्षात घेऊन काढलेली सरासरी धरून, ०.२५ टक्क्यांवर आली. कॅलिफोर्नियाचा इशारा ‘प्रपोझिशन ६५’ या वेगळ्या कायद्यातला असून त्यात पितळेला हात लागल्याने होणारा संपर्कही धरला जातो. प्रत्येक राज्यासाठी वेगळे खोके छापण्याऐवजी कंपन्या तोच मजकूर देशभर पाठवतात.

आपण पाहायचे ते प्रमाणन. एनएसएफ (NSF) या मानके ठरवणाऱ्या संस्थेची ‘एनएसएफ ३७२’ ही खूण धातूत शिसे किती आहे एवढेच सांगते, तर ‘एनएसएफ ६१’ ही पाण्यात किती झिरपते ते तपासून दिलेली असते आणि लहान मूल असलेल्या घराला दुसरीच अधिक उपयोगाची. तिच्यासोबत ‘क्यू ≤ १’ असे असेल, तर नळ शिसे झिरपण्याच्या कडक मर्यादेत बसला आहे. टबाचा नळ आणि शॉवरचा व्हॉल्व्ह यांना मात्र ०.२५ टक्क्यांची अट नाही, तेव्हा मुलीची बाटली तिथे भरू नये.

केवळ इशारा छापला आहे म्हणून दुकानदारावर दावा टिकणार नाही. तरीही दुकानात परताव्याच्या नियमांची पाटी लावलेली नसेल, तर न वापरलेला नळ २० दिवसांत परत करण्याचा हक्क न्यू जर्सीचा कायदा देतो. प्रमाणनाची खूणच खोटी निघाली, तर राज्याच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे तक्रार करावी. ग्राहक फसवणूक कायद्याखाली न्यायालयात सिद्ध झालेल्या नुकसानीच्या तिप्पट भरपाई मिळते. खोके आणि पावती तेवढी जपून ठेवा.

घर जुने असेल, तर रस्त्यावरून घरात येणारी जोडनळी शिशाची आहे का, हे पाणी कंपनीला आधी विचारा. ती शिशाची असेल, तर नळ बदलून फारसा फरक पडणार नाही.