पद्मिनीच्या दाराला डांबर नको

प्रश्न : आजोबांची १९८५ ची प्रीमियर पद्मिनी पुन्हा रंगवून घेतोय. जांबोटीवरून गोव्याकडे निघालं की दारं आणि टप इतके घुमतात, की मागे बसलेल्या आईशी बोलता येत नाही. डेंटर म्हणतो, आतून सगळीकडे डांबर मारू, आवाज जाईल आणि गंजही. मुंबईचा भाऊ म्हणतो, अख्ख्या गाडीला फॉइलवाली शीट लाव. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : डेंटरला म्हणावं, डांबराचा डबा बंद कर आधी. काचेच्या कडेच्या रबरातून पावसाचं पाणी दाराच्या पोटात उतरतंच, रचनाच तशी आहे. ते बाहेर पडायला दाराच्या खालच्या कडेला भोकं ठेवलेली असतात. ब्रश फिरला की पहिली तीच बुजतात. मग खानापूरचा पाऊस आत साठतो आणि दार खालून कुजतं. बेळगावच्या उद्यमबागेत आमच्या शेडवर अशी दारं येतात. वरून काळीभोर, ठणठणीत दिसतात, पण स्क्रूड्रायव्हर टेकवला की सरळ आत जातो. डांबराने गंज झाकतो, थांबत नाही.

भावाचं निम्मं बरोबर आहे. दाराच्या पत्र्यावर मधोमध बोटाच्या पेराने ठोका, टण्णकन वाजेल. आता शेजारी दुसरा तळवा दाबून धरा आणि पुन्हा ठोका. थप्प! शीटचं कामही एवढंच. पत्रा थरथरला की फॉइल आणि पत्रा यांच्यामधला चिकट ब्युटाइल रबराचा थर ताणला जातो आणि कंप उष्णता होऊन जिरतो. त्यासाठी सगळा पत्रा मढवावा लागत नाही, मधला पाव ते तिसरा हिस्सा पुरतो. २ मिलिमीटरची शीट चौरस मीटरला ३ किलोच्या आसपास भरते. अख्खी गाडी मढवलीत तर गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटाच्या चढाला १०८९ सीसीचं इंजिन शिव्या देईल तुम्हाला! टपाला मात्र डांबरी शीट अजिबात नको. उन्हात मऊ पडते, वास मारते आणि सुटून लोंबते.

शीटने घुमणं जातं. खडखड, शीळ आणि इंजिनाचा आवाज नाही जात. खडखडीला दाराचे बिजागर, लॉक आणि काचेचं चॅनल बघा. शिळेला दाराची बीडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी, नवी घाला. इंजिनाचा आवाज फायरवॉलमधल्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा) वायरींच्या आणि पेडलच्या भोकांतून येतो, तिथली रबरं वाळून गेलेली असणार. ही कामं शीटच्या आधी केलीत तर शीट कमीच लागेल.

वेल्डिंग सगळं उरकून घ्या. मागे शीट असताना पुढून टाका मारला तर पेट घेते. गंज घासून एपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीलर, आणि ते पूर्ण वाळल्यावरच शीट. तेलकटपणा पुसा, आणि फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत रोलर दाबा. खाली हवा राहिली तर तेवढा पत्रा मोकळाच समजा.

फ्लोअरवर जुने डांबरी पॅड असतील तर कडा उचलून बघा. सुटलेले दिसले तर हीट गनने तापवून खरवडून काढा, खाली बहुतेक गंज सापडेलच. कार्पेटखाली नमदा (दाबलेल्या लोकरीचा जाड थर) घालू नका. एकदा भिजला की पावसाळाभर वाळत नाही. पाणी न पिणारा बंद पेशींचा फोम घ्या. थोडा महाग पडतो, पण फ्लोअर कापून नवा पत्रा जोडण्यापेक्षा स्वस्तच.