मालवणात तीन दिवस: कुठे जावं, कुठे जेवावं, आणि कधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तीन रात्री मालवण, बरोबर सत्तरीचे सासू-सासरे आणि नऊ वर्षांची मुलगी, सासूबाई शाकाहारी. काय चुकवू नये आणि जेवायला कुठे जावं?

ठिकाणांची यादी तुम्हाला कुणीही देईल. माझं आजोळ धुरीवाड्यातलं, पंचवीसेक वर्षं दर हिवाळ्यात जातो, आणि तेवढ्या अनुभवावर सांगतो की मालवणात पाहुण्यांची ठिकाणं सहसा चुकत नाहीत, वेळ चुकते. दुपारी बारा वाजता किल्ल्यात, भरतीला संगमावर आणि रात्री साडेनऊला मासे शोधत बाजारात, असं झालं की माणसं परत येऊन म्हणतात, "ठीक होतं."

म्हणून आधी कालनिर्णय काढा आणि तुमच्या तारखांच्या तिथी बघून ठेवा. (ते काढणारे जयंतराव साळगावकर मालवणचेच. मेढ्यातलं जय गणेश मंदिर त्यांनीच बांधलेलं, सासू-सासऱ्यांना तिथे जरूर न्या.) आमचे आजोबा भरतीचा हिशोब तोंडी करायचे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास, आणि भर दुपारी ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला भरती सव्वाअकराच्या पुढेमागे, म्हणजे ओहोटी संध्याकाळी साडेपाचला. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण दिवस आखायला एवढं पुरतं. शिवाय पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली जातं. अष्टमीच्या दिवसांत भांग, तेव्हा समुद्र त्या मानाने मवाळ. सासऱ्यांना होडीत चढवायचंय तर भांगाचे दिवस बरे.

सिंधुदुर्ग पहिल्याच सकाळी उरका, आणि सकाळी म्हणजे खरंच सकाळी. बंदरावरून होडीने दहा-पंधरा मिनिटं लागतात. त्याच होडीने परत यायचं असल्यामुळे आत साधारण तासभरच मिळतो, आणि ४८ एकरांच्या किल्ल्याला तासभर म्हणजे काहीच नाही. जाताना होडीवाल्याशी बोलून घ्या, नंतरच्या फेरीने परत आलो तर चालेल का म्हणून. सकाळी गर्दी नसेल तर बहुतेक जण हो म्हणतात. वयस्कर माणसांना किल्ल्यात चालण्यापेक्षा होडीतली चढउतार जड जाते. एक जण आधी उतरून हात द्यायला उभा राहिला की निभतं.

होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा कुठे आहे ते कळत नाही. दोन बुरुज एकमेकांना वळसा घालून उभे आहेत आणि दरवाजा त्यांच्या कुशीत लपवलाय. मुलीला होडीतच सांगा, "दरवाजा शोध." माझ्या भाचीने तीन वेळा चुकीच्या जागी बोट दाखवलं होतं. २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर बांधकाम सुरू झालं आणि १६६७ मध्ये किल्ला उभा राहिला. तटाच्या पायात शिसं ओतलेलं आहे. आत शिवराजेश्वर मंदिर आहे, १६९५ मध्ये राजाराम महाराजांनी बांधलेलं. तटावरच्या छोट्या घुमट्यांमध्ये शिवाजी महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा जपलाय. पण मला दर वेळी थांबवतात त्या विहिरी: दूधबाव, साखरबाव, दहीबाव. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या तीन बावी. आत काही घरं अजून नांदती आहेत, त्यांच्याकडे कोकम सरबत किंवा ताक मिळालं तर तिथेच सावलीत बसून घ्या. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले आले, त्यात हाही आहे. त्यामुळे गर्दी वाढणारच, म्हणून पुन्हा सांगतो, सकाळी.

परतल्यावर दांडीच्या किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडा बघा. किल्ल्याच्या कामाचं पूजन तिथे झालं असं सांगतात. पाच मिनिटांचं काम, पण उन्हं चढण्याआधी.

आता जेवण. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे.

मालवणात कुणालाही विचारा, चैतन्य आणि अतिथी बांबू ही दोन नावं येणारच. वाईट नाहीत, पहिल्या दिवशी एकदा जाऊन या. साडेबाराच्या आत पोचा, नाहीतर बाहेर बाकड्यावर नंबर लावून बसावं लागेल. पण उरलेली जेवणं घरगुती खाणावळीत करा. तुम्ही उतराल तिथल्या मालकीणबाईच बहुतेक वेळा जेवण करून देतात, नाहीतर शेजारचं घर सांगतात. अट एकच: सकाळी नऊ-दहाच्या आत माणसं किती, मासे कोणते चालतात आणि शाकाहारी किती ते कळवायचं. मासे तेव्हाच आणले जातात आणि वाटपही तेव्हाच पाट्यावर नाहीतर मिक्सरवर चढतं. माझी मामी न सांगता येणाऱ्यांना सरळ ऐकवते, "आधी सांगलास तर बरा, नायतर बांगडो भाजून गप खावचो." भाजलेला बांगडा ही काही शिक्षा नव्हे, ते सोडा.

अनोळखी ठिकाणी माझी एक चाचणी आहे. थाळी सांगायच्या आधी एक वाटी सोलकढी मागवायची. ताज्या नारळाचं दूध असेल तर ती फिकट गुलाबी दिसते, वाटी थोडा वेळ तशीच ठेवली की वर किंचित साय धरल्यासारखा थर येतो, आणि घोट घेतल्यावर आधी नारळ लागतो, मग आगळाचा, म्हणजे कोकमाच्या अर्काचा, आंबटपणा, शेवटी घशात लसूण-मिरची. रंग भडक राणी असेल आणि जिभेवर पावडरीचा रवाळपणा राहिला, तर त्या स्वयंपाकघरात नारळ फोडायचा कंटाळा आहे असं समजा. जिथे सोलकढीला नारळ नाही, तिथे माशाच्या कढीतही नसतो. अशा जागी सोलकढीचे पैसे देऊन उठलेलं बरं.

मी न उठल्याची फळं भोगली आहेत. एका वर्षी नाताळच्या आठवड्यात तारकर्लीच्या रस्त्यावरच्या एका मोठ्या, दिव्यांच्या माळा लावलेल्या हॉटेलात बसलो. पापलेट आलं दीड तासाने. वरून कुरकुरीत, आतून कापसासारखं, म्हणजे बर्फातलं. बिल आल्यावर कळलं की "साइजप्रमाणे" म्हणजे त्यांच्या मनाप्रमाणे. तेव्हापासून पापलेट, सुरमई आणि मोठी कोळंबी असेल तर मासा आधी डोळ्यांनी बघतो, दर विचारतो, मगच तव्यावर टाकायला सांगतो. कुणी रागावत नाही. कल्ले लाल, डोळा फुगीर आणि चकचकीत, बोटाने दाबलं तर खळगा लगेच भरून यावा, एवढं बघितलं की झालं.

आणि खरं सांगू का, सुरमई-पापलेट तुम्हाला मुंबई-पुण्यातही मिळतं. मालवणात खायचं ते बांगड्याचं तिखलं, तिरफळं घातलेलं. तिरफळ चावायचं नाही, बाजूला काढायचं. मुलीला आधीच सांगा, नाहीतर जीभ बधिर झाली म्हणून रडेल. तारल्या मिळाल्या तर घ्या, काटे फार पण चव तशी दुसऱ्या कशाला नाही. तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं. मोरीचं, म्हणजे छोट्या शार्कचं, मटण एकदा तरी. सासरे मटण खाणारे असतील तर त्यांना न सांगता वाढा आणि चेहरा बघा. कोंबडी-वडे रात्री नकोत, दुपारी खा आणि मग झोपा.

सासूबाईंची काळजी करू नका, पण "व्हेज थाळी" मागू नका. तिथे पनीर येतं. काळ्या वाटाण्याचं सांबारं मागा, आंबोळीबरोबर किंवा वड्यांबरोबर. भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप, वाटाणा अख्खा पण बोटाने दाबला की मऊ. मी मासे सोडून ते खाल्लेलं आहे, यापेक्षा मोठी शिफारस माझ्याकडे नाही. न्याहारीला घावणे आणि नारळाची चटणी, आणि कुणी करून देत असेल तर शिरवाळे-रस: तांदळाच्या शेवया गूळ घातलेल्या नारळाच्या दुधात बुडवून. तवा आणि पळी वेगळी हवी असेल तर तेही सकाळीच सांगा. सोमवारी बऱ्याच मालवणी घरांत मासे शिजत नाहीत, आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी तर नाहीच. तुमच्या तीन दिवसांत असा वार येत असेल तर खाणावळीचं त्या दिवशीचं शाकाहारी जेवण चुकवू नका, सगळं लक्ष भाजीकडे असतं.

संध्याकाळी चिवला किनारा. तारकर्लीएवढा प्रसिद्ध नाही म्हणून मला जास्त आवडतो, आणि गावातच आहे. नशीब असेल तर रापण ओढताना दिसेल. होडीने अर्धवर्तुळ करून जाळं टाकलेलं असतं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढत असतात, टाचा वाळूत रुतवून, मागे झुकत. तासभर काहीच घडत नाही असं वाटतं. मग दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकू लागतात, जाळ्याची पिशवी उथळ पाण्यात येते आणि पाणी उकळल्यासारखं दिसायला लागतं. वरून कावळे, घारी, खालून कुत्री. मासळीचे वाटे तिथेच वाळूवर पडतात. दोराला हात लावू का म्हणून विचारलं तर मुलांना बहुतेक लावू देतात. माझ्या भाचीच्या लेखी मालवण म्हणजे अजून तेच. सूर्यास्ताला जवळच रॉक गार्डन आहे, बसायला बाकं आहेत, सासू-सासऱ्यांची सोय होते.

दुसरा दिवस तारकर्ली आणि देवबागला द्या. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. सकाळी लवकर होडी ठरवा, डॉल्फिन दिसले तर दिसले. दाखवण्याची हमी देणाऱ्यापेक्षा "बघूया" म्हणणारा होडीवाला निवडा. वाळूचं बेट, ज्याला सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात, ते ओहोटीलाच बघायचं, इथे तिथीचा हिशोब उपयोगी पडतो. भरतीत तिथे नेलं तर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून फोटो काढणं एवढंच हाती लागतं. संगमावर पोहायला मात्र कुणीही उतरू नका. ओहोटी लागली की नदीचं पाणी समुद्राकडे जोरात ओढ घेतं आणि चांगल्या पोहणाऱ्यालाही नेतं.

स्कूबाबद्दल तुम्ही विचारलंत. नऊ वर्षांच्या मुलीला नको. दहाच्या आत खुल्या समुद्रात स्कूबा करवू नये, कुणी "चालतं हो" म्हणालं तरी. लाइफ जॅकेट घालून स्नॉर्केलिंग करू द्या, उथळ पाण्यात रंगीत मासे तेवढेच दिसतात. तुम्ही दोघं करणार असाल तर सर्दी असताना उतरू नका, कानात दाब बसतो आणि पुढचे दोन दिवस ठणकतात. त्या भागात १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, म्हणून प्रवाळावर पाय ठेवायचा नाही. माशांना पाव टाकून फोटो काढून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा.

आता एक गोष्ट, जी यादीत सापडत नाही. डिसेंबर म्हणजे जत्रांचे दिवस. कार्तिकी पौर्णिमेनंतर गावोगावच्या देवळांत एकेक करून जत्रा लागतात आणि रात्री दशावतार होतो. उतराल तिथे विचारा, "आज जत्रा खय आसा?" दहा-पंधरा किलोमीटरच्या आत काहीतरी असतंच. रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटे दहीकाल्याने संपतं. नेपथ्य म्हणाल तर एक बाकडं. बाजूला पेटी, मृदंग, झांज. संवाद लिहिलेले नसतात, रंगमंचावरच सुचतात. स्त्रीपात्रंही पुरुषच करतात, आणि अशी की सासूबाईंना पटवून द्यावं लागेल. सुरुवातीला काळ्या वेशातला, लाल जीभ लोंबणारा संकासुर येतो आणि मालवणीत गावातल्या माणसांची टर उडवतो. भाषा अर्धी कळली तरी हसू येतं. मुलीला दुपारी झोपवा. अंगावर शाल घ्या, पहाटे दव पडतं. सगळी रात्र बसायची गरज नाही, संकासुर आणि मुख्य आख्यानाची युद्धं बघून उठलात तरी चालेल. उठताना देवळाबाहेरच्या दुकानातून खाजा घ्या, गुळात घोळवलेला, आल्याच्या चवीचा. गरम असताना तिथेच एक तोंडात टाका आणि घरी न्यायचा कोरड्या कागदात बांधून मागा, प्लॅस्टिकच्या पिशवीत तो पाझरतो.

परतीच्या दिवशी कुडाळ स्टेशनला जाताना धामापूरमार्गे जा. तलाव १५३० मधला मानतात, काठावर भगवतीचं मंदिर, पाणी स्थिर, आवाज फक्त पक्ष्यांचे. तासभर पुरे. गाडी दुपारची असेल तर खाणावळीतून आंबोळ्या आणि चटणी बांधून घ्या. मामी कढी बांधून देत नाही, सांडते म्हणून.