टी.ए. बिल भरण्याआधी

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

आमदारांची स्वीय सहायक म्हणून तू रुजू झालीस आणि आठवडाभरातच प्रवासभत्त्याच्या बिलांचा गठ्ठा तुझ्यापुढे येऊन पडला, हे पत्रातून कळले. लोक यालाच लूट म्हणतात, म्हणून त्या कागदांना हात लावायला संकोच वाटतो, असे तू लिहिलेस. पहिल्यांदा हा संकोच काढून टाक. मग बिल कसे भरायचे ते सांगतो.

कुलाब्याचा आमदार ठरवले तर विधानभवनात पायी जाईल. नरिमन पॉइंट त्याच्याच मतदारसंघात आहे. आता गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरीचा आमदार घे. सिरोंचा, भामरागड, एटापल्ली हा सगळा मुलूख त्याच्याकडे, आणि जिल्ह्याला रेल्वे म्हटली की वडसा, ते पार दुसऱ्या टोकाला. सिरोंच्याहून नागपूर गाठेपर्यंत दिवस संपतो. तिथून पुढे मुंबईपर्यंत रेल्वेने ८३७ किलोमीटर. दोघांनाही सभागृहात एकच मत आणि लोकांपुढे एकच जबाबदारी. पण तिथे पोचायचा खर्च ज्याचा त्याने करावा असे म्हटले, तर अहेरीतून कोण उभा राहील? ज्याच्या घरात आधीच पैसा आहे तोच. प्रवासभत्ता असल्यामुळे एसटीने फिरणारा कार्यकर्तासुद्धा आमदार होऊ शकतो, आणि माझ्या मते ही लोकशाहीतली मोठी गोष्ट आहे. नागपूर करार १९५३ चा, वर्षातले एक तरी अधिवेशन नागपूरला घ्यायचे त्यात ठरले. १९६० पासून हिवाळी अधिवेशन बहुतेक वर्षी नागपूरला भरत आले आहे. काही वर्षे अपवादाची, जसे करोनामुळे २०२० आणि २०२१ ला ते मुंबईत झाले. तेव्हा डिसेंबर आला की लांबचा पल्ला कुलाबेकराच्या वाट्याला येतो. विदर्भाला आपल्या दारात विधिमंडळ हवे होते, त्याची ही किंमत राज्याने समजून-उमजून मान्य केली आहे.

संविधानाच्या अनुच्छेद १९५ मध्ये राज्य विधिमंडळाच्या सदस्यांचे वेतन आणि भत्ते कायद्याने ठरवावेत असे म्हटले आहे. आपल्याकडे त्यासाठी १९५६ चा अधिनियम आहे. म्हणजे हा पैसा कुणाची मेहेरबानी नाही आणि चोरीचाही नाही. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात प्रतिनिधीगृहाचे ४०० सदस्य आहेत आणि १८८९ पासून त्यांचा मेहनताना वर्षाला १०० डॉलर एवढाच आहे. तिथे सभागृहात येण्याजाण्याचे मैलांवर मिळणारे पैसे हाच काय तो खरा आधार. तो काढून घेतला तर डोंगराळ उत्तर भागातला माणूस राजधानीत यायचाच बंद होईल.

आता बिलाकडे वळू. सगळ्यात आधी साहेबांचे नेहमीचे निवासस्थान कोणते, हे एकदा कागदावर नक्की करून घे. प्रवास मोजायला सुरुवात तिथून होते, पण तो खरोखर तिथून झाला असेल तरच. घर परभणीत, फ्लॅट मुंबईत, मुले पुण्यात शिकायला, अशी आज कितीतरी आमदारांची स्थिती आहे. अधिवेशनाच्या आदल्या रात्री साहेब पुण्यात मुक्कामाला असतील, तर बिलावर परभणी ते मुंबई लिहायचे नाही. हा प्रश्न जगभर आहे. अमेरिकेच्या आयकर कायद्यात राज्यांच्या आमदारांसाठी खास तरतूद करावी लागली, आणि घर राजधानीच्या इमारतीपासून ५० मैलांच्या आत असेल तर ती सवलत मिळत नाही. म्हणजे माणूस खरोखर कुठे राहतो, याचे उत्तर तिथेही द्यावेच लागते.

साहेब निघाले की त्याच दिवशी डायरीत लिहीत जा. निघाले किती वाजता, पोचले किती वाजता, कशाने गेले, कशासाठी गेले. देवगिरी एक्सप्रेसने गेले तर तिकीट जपून ठेव, विमानाने गेले तर बोर्डिंग पास उतरल्या-उतरल्या मागून घे. तीन महिन्यांनी तो कुठल्यातरी कोटाच्या खिशात धुऊन निघतो, आणि मग "काहीतरी जोडा" अशी भाषा सुरू होते. एसटीत आमदारांसाठी आसन राखीव असते आणि प्रवास मोफत. रेल्वेची सवलत वेगळी. ज्या प्रवासाला खिशातून पैसा गेला नाही, त्याचे भाडे बिलात येता कामा नये. दर मात्र शेजारच्या टेबलावर विचारून लिहू नकोस. ते बदलत असतात. विधानमंडळ सचिवालयाकडून चालू आदेशाची प्रत घे आणि ती फाइलच्या पहिल्या पानाला लाव.

दैनिक भत्ता हजेरीशी जोडलेला आहे. हजेरीपटावर सही नसेल त्या दिवसाचा भत्ता मागायचा नाही, साहेब त्या दिवशी मुंबईत होते हे तुला स्वतःला माहीत असले तरीही.

सगळ्यात जास्त घोळ दुबार मागणीत होतो, आणि बहुतेक वेळा तो वाईट हेतूने होतही नाही. समज, साहेब विधिमंडळाच्या पंचायत राज समितीवर आहेत आणि एखाद्या महामंडळावरही आहेत. सोमवारी समितीची बैठक, मंगळवारी महामंडळाची. परभणीहून मुंबईला ते एकदाच आले. समितीचे बिल तू लावलेस, महामंडळाचे तिथल्या कर्मचाऱ्याने परस्पर लावले. दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर दिसतात, पण शेजारी-शेजारी ठेवले की एकाच गाडीचे भाडे दोनदा निघालेले दिसते. लेखापरीक्षक नेमके तेच करतात. म्हणून साहेबांच्या प्रत्येक पदाचे बिल कोण लावते याची यादी कर आणि त्या लोकांशी महिन्यातून एकदा तरी फोनवर बोल. महामंडळाच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. खर्च भरून काढण्यापुरता भत्ता चालतो, त्याहून जास्त काही पदरात पडू लागले तर लाभाच्या पदाचा प्रश्न उभा राहतो आणि सदस्यत्वावर येऊ शकते. २००६ मध्ये जया बच्चन यांचे राज्यसभेचे सदस्यत्व लाभाच्या पदावरूनच गेले होते.

मी ज्यांच्याकडे काम केले त्यातले एक आमदार एकदा नागपूर अधिवेशनाला शेजारच्या मतदारसंघातल्या सदस्याच्या गाडीतून गेले. मी रीतसर किलोमीटर टाकून बिल पुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावला, ओळन् ओळ वाचली आणि त्या रकान्यावर आडवी रेघ मारून बाजूला लिहिले, "सहकाऱ्याच्या गाडीने." मग म्हणाले, "त्याचं बिल त्याने लावलंय. एका गाडीला दोन वेळा डिझेल लागत नाही." पुढे त्या कार्यालयात कुणी मला गोलमाल बिल करायला सांगितल्याचे आठवत नाही. साहेब वाचतात हे सगळ्यांना कळले होते.

तुझे साहेब वाचतील की नाही, हे बरेचसे तुझ्यावर आहे. कोऱ्या फॉर्मवर सही घ्यायची नाही. "सह्या करून ठेवा, आम्ही भरून घेऊ" असे तुला सांगितले जाईल, अगदी आपुलकीने सांगितले जाईल. कोऱ्या सहीवर पुढे काय भरले गेले याचे उत्तर ज्याची सही त्यालाच द्यावे लागते. बिहारच्या कुढनीचे तेव्हाचे आमदार अनिल सहनी यांचे प्रकरण आठव. राज्यसभेत असताना बनावट तिकिटे आणि बोर्डिंग पास जोडून न केलेल्या प्रवासाचे पैसे घेतल्याबद्दल २०२२ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने त्यांना ३ वर्षांची शिक्षा सुनावली. खासदारकी केव्हाच संपली होती, पण त्या बिलांपायी आमदारकी गेली. डिसेंबरमध्ये कुढनीच्या मतदारांना पुन्हा रांगेत उभे राहावे लागले. रकमेपेक्षा मला या गोष्टीचे जास्त वाईट वाटते. हजारो लोकांनी निवडून दिलेला माणूस, आणि त्यांचे प्रतिनिधित्व प्रवासाच्या कागदांवर अडले.

तुला कधी दडपण आले, तर भांडत बसू नकोस. "साहेब, या तारखेचा पुरावा माझ्याकडे नाही, मी ही ओळ सोडून बाकीचे बिल लावते," एवढे शांतपणे म्हण आणि खरेच तसे कर. बहुतेक माणसे तिथेच थांबतात. उलट, साहेबांचा हक्काचा प्रवास संकोचापोटी सोडूही नकोस. समितीच्या बैठकीला रात्रभर प्रवास करून गेलेल्या सदस्याचे बिल न लावणे यात काही मोठेपणा नाही. पुढच्या वेळी तो बैठकीला जायचाच कंटाळा करेल.

लावलेल्या प्रत्येक बिलाची झेरॉक्स तारखेनुसार फाइलला ठेव, सोबत बैठकीची सूचना जोड. माहिती अधिकारात कुणी मागितले, तर शोधाशोध करायची वेळ येऊ नये. गठ्ठ्यातली जुनी, अजून न लावलेली बिले मात्र लगेच पुढे ढकलू नकोस. आधी त्यांच्या तारखा हजेरीशी ताडून बघ आणि ज्या जुळत नाहीत त्या वेगळ्या काढ. दिवाळीनंतर मी परभणीला येणार आहे, तेव्हा आपण दोघे बसून त्या बघू.

तुझा,
काका