लिव्हर फाटलं, तरी ऑपरेशन का नाही?

प्रश्न : मोटरसायकल घसरली आणि हँडल धाकट्या भावाच्या पोटात लागलं. सीटी स्कॅनमध्ये लिव्हरला चीर आणि पोटात रक्त दिसतंय. तरी डॉक्टर ऑपरेशन करत नाहीत, नुसतं आयसीयूत ठेवलंय. हा वेळकाढूपणा तर नाही ना?

उत्तर : नाही. लिव्हरचा रक्तस्राव बहुतेक वेळा आपोआप थांबतो, आणि पोट उघडलं की थांबलेलं रक्त पुन्हा सुरू होण्याची भीती असते. निर्णय चिरेच्या ग्रेडपेक्षा (जखम किती गंभीर, याचा क्रमांक) नाडी आणि बीपी बघून होतो. बीपी टिकून असेल तर ग्रेड 4 च्या, म्हणजे गंभीर, जखमाही चाकू न लावता भरतात. उलट सलाईन, रक्त देऊनही बीपी घसरत असेल, तर सीटीत वेळ घालवायचा नाही. खाटेशेजारी सोनोग्राफी करून थेट थिएटर गाठायचं.

‘नुसतं ठेवणं’ मात्र सोपं नसतं. नाडी, बीपी, लघवी तासागणिक. सुरुवातीला हिमोग्लोबिन दर सहा तासांनी. पोटाची तपासणी शक्यतो एकाच डॉक्टरच्या हातानं. कारण आतड्याचं बारीक छिद्र पहिल्या सीटीत निसटू शकतं आणि पोट कडक झाल्यावरच कळतं. रक्त, थिएटर आणि सर्जन चोवीस तास हाताशी नसतील, तर असा पेशंट तिथं ठेवू नये. स्कॅनसाठी शिरेतून दिलेलं औषध धमनीतून बाहेर झिरपताना दिसलं, तर रेडिओलॉजिस्ट मांडीतून नळी घालून ती धमनी आतूनच बंद करू शकतात.

प्रश्न : काकांचंही लिव्हर फाटलंय. त्यांच्या पोटात कापडी मॉप ठेवून दोन दिवसांनी पुन्हा ऑपरेशन करणार म्हणतात. असं का?

उत्तर : खूप रक्त गेलं की अंग थंड पडतं, रक्तातलं आम्ल वाढतं, रक्त गोठेनासं होतं, अशात लांबलेलं ऑपरेशनच जीव घेतं. म्हणून सर्जन आधी लिव्हरकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांवर चिमटा लावतात (ग्लासगोच्या प्रिंगल यांची 1908 ची युक्ती). तरीही मागून रक्त येत राहिलं, तर इजा यकृताच्या शिरांना किंवा मागच्या महाशिरेला (हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर) असल्याचा संशय घ्यायचा. मग मॉप लिव्हरच्या वर-खाली ठेवून चीर मिटेल असं दाबतात. चिरेच्या आत ते कोंबायचे नसतात, त्यानं ती आणखी फाटते. फार घट्ट बसवले तर महाशीर दबते, पोटातला दाब चढतो, लघवी कमी होते; म्हणून पोट बऱ्याचदा तात्पुरतंच झाकतात. 24 ते 48 तासांत, अंग गरम झाल्यावर, मॉप सलाईननं भिजवून हळूच काढतात; कोरडे ओढले तर रक्ताची गुठळीही सुटते. किती ठेवले याची नोंद केसपेपरवर हवीच. ती जरूर विचारा.

प्रश्न : घरी आल्यावर कबड्डी कधी?

उत्तर : मोठी जखम असेल तर साधारण तीन महिने नाही, आणि तेही सर्जनला विचारूनच. वेदनाशामक गोळ्या मनानं घेऊ नका. काही आठवड्यांनीसुद्धा उजव्या कुशीत कळ, कावीळ आणि डांबरासारखी काळी शी होऊ लागली, तर धमनीतलं रक्त पित्तनळीत उतरत असू शकतं. ॲसिडिटी समजून थांबू नका, त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा.