भाचीबाई, इंटरव्ह्यूला जायच्या आधी एवढं वाच

भाचीबाई,

काल रात्री अक्काचा फोन आला होता, म्हणली पोरीचा सोमवारी संभाजीनगरजवळच्या वाळूजला कंपनीत इंटरव्ह्यू आहे अन दोन दिवस झाले आरशासमोर उभी राहून ‘माय सेल्फ’ पाठ करायलीय, जेवायचं पण भान नाही. मला हसूच आलं. फोनवर बोलायचं तर मधीच रेंज जाती, म्हणून लिहून पाठवायलोय, गेवराईहून बसमधी वाचत ये.

ते पाठांतर आधी सोड. मी साहेबासोबत पोरं घ्यायला बसतो ना, सगळ्यांची हॉबी क्रिकेट अन सगळ्यांची विकनेस एकच, ‘मी लई मेहनत करतो’. तिसऱ्या पोरापर्यंत साहेब चहाच्या कपाकडं बघायला लागतात. तुझ्याकडं तर सांगायला खरं काहीतरी आहे, पण तुला ते सांगण्यासारखं वाटतच नसंल. उन्हाळ्यात मोटार पाणी उचलंना, तेव्हा तू दाजींसोबत पाईप वर ओढून त्याच्या खालच्या टोकाचा फुटबॉल खोललास, वायसर गेलं होतं ते बदललंस, मग पाईपात पाणी भरून मोटार चालू केलीस. हेच सांग. का उचलत नव्हती तेही सांग, की खालून पाणी गळून जायचं अन पंप नुसती हवा ओढायचा. फक्त तिथं फूट व्हॉल्व्ह म्हण, फुटबॉल म्हणलीस तर साहेब खेळाडू समजतील. मराठीत सांगितलं तरी चालतं बरं का, वाळूजला शॉपवर, म्हणजे मशीनी असतात तिथं, सगळे मराठी-हिंदीच बोलतात.

तू फिटर, म्हणजे व्हर्नियर, ती बारीक माप घ्यायची पट्टी, हातात देणार हे धरून चाल. लीस्ट काउंट, म्हणजे तिच्यावर मोजता येणारं सगळ्यात बारीक माप, ०.०२ एमएम हे सगळेच फाडकन सांगतात, पण कसा आला विचारलं की निम्मे गप. मेन स्केलचे ४९ एमएम अन व्हर्नियरचे ५० भाग सारखे भरतात, म्हणून व्हर्नियरचा एक भाग ०.९८ एमएमचा, मेन स्केलच्या एक एमएममधून तो वजा केला की ०.०२, एवढं कागदावर दोनदा करून बघ. अन माझं विचारशील तर मी उत्तर नंतर ऐकतो, आधी हात बघतो. जॉब, म्हणजे मोजायचा तुकडा, हातात घेतल्या घेतल्या मोजायला लागली का आधी जबडे पुसून, मिटवून झिरो बघितला? जी झिरो बघती तिला मी मनातल्या मनात निम्मे मार्क देऊन टाकतो.

येत नसंल ते येत नाही म्हणायचं. मी पहिल्या इंटरव्ह्यूत लेथ येतो म्हणून ठोकून दिलं होतं, आयटीआयला असताना लेथवर आमचा नंबरच कमी यायचा पण हे कोण सांगतंय. साहेब उठले अन थेट मशीनवरच घेऊन गेले. मी जॉब बांधला, आवळला, अन आवळायची चावी चकातच, म्हणजे जॉब धरून फिरणाऱ्या भागातच, ठेवून स्टार्टरकडं हात नेला. त्यांनी मनगटच धरलं माझं. ती चावी उडाली असती तर कुणाच्या डोक्यात बसली असती काय माहीत. साहेब काही बोलले नाहीत, फक्त गेटपर्यंत सोडायला आले, ते अजून आठवतं.

पगाराचं विचारायला लाजू नको, पण आधी विचार की अप्रेंटिस म्हणून घ्यायलेत का ट्रेनी का ठेकेदाराकडून. अप्रेंटिस कायद्याखाली घेतलं तर स्टायपेंड मिळतो, त्यातून पीएफ कापत नाहीत. बाकी ठिकाणी हातात किती पडणार ते विचार, बेसिक १२ हजार असंल तर पीएफचे १२ टक्के म्हणजे १,४४० तिथंच गेले, वर ईएसआयसीचे, म्हणजे दवाखान्याच्या विम्याचे, पाऊण टक्का. शिफ्ट कोणती अन बस कुठपर्यंत सोडती हेही विचार, अक्काला त्याचीच जास्त काळजी आहे. अन नोकरी लावतो म्हणून कुणी पैसे मागितले तर तिथूनच माघारी फिर, मग तो पाहुण्यातला का असंना.

कागदं आजच काढ. मार्कशीटवरचं नाव अन आधारवरचं नाव अक्षरानं अक्षर जुळतंय का बघ, पीएफच्या वेळेला तिथंच अडतं. बुटं घालून ये, चपलीवर शॉपमधी सोडत नाहीत. ओढणी असंल तर पिन लावून घट्ट बांध.

संभाजीनगरच्या मध्यवर्ती स्टँडवर उतरलीस की वाळूजकडं जाणारी सिटी बस धर. रस्त्यात कुणी पंढरपूर पंढरपूर ओरडलं तर दचकू नको, ते सोलापूरकडचं नाही, आपलं छोटं पंढरपूर, विठोबा तिथं पण आहे. वेळ असंल तर हात जोड, नसंल तर पुढं हो.

मोबाईल गेटवर जमा करून घेतात, निघताना आठवणीनं घे. मला दुपारी एकला जेवणाची सुट्टी असती, तेव्हा फोन कर, अन आधी मला हे सांग की झिरो बघितलास का.

तुझा मामा